तूस

आधी आवाज आला, घर्र,
मग बारीक टक् टक्,
आणि नळी अर्धी बाहेर, अर्धी आत अडकली.
पडद्यावर एकच ओळ:
लेन्समध्ये दोष. बंद करून चालू करा.

बंद केला. चालू केला.
त्या दिवशी चाळीस वेळा तरी केलं असेल.
सेल काढले, पदरानं पुसले, नवे आणून घातले,
आतल्या पितळी पट्ट्या खोडरबरानं घासल्या,
कार्ड काढलं, फुंकलं, परत सारलं.
जाऊबाई म्हणाल्या, तांदळात ठेव रात्रभर.
ठेवला. सकाळी तांदूळ तेवढे पुन्हा निवडावे लागले,
कॅमेरा तसाच, आ वासून.

खरं तर तो महिनाभर सांगत होता.
प्रत्येक फोटोत वर डावीकडे एक धुरकट रेघ.
येमूलांच्या नातवाच्या बारशात
पाळण्याच्या दोरीशेजारी आणखी एक दोरी.
मला वाटलं, काचेवर ओरखडा असेल.
जुन्या वस्तूला एवढं चालायचंच.

नवी पेठेत, मोबाइलच्या दुकानांमागं, एका जिन्याखाली
मैनोद्दीन नदाफ बसतो.
पाटी अजून घड्याळांचीच.
मे महिना, दुपारचे दोन, त्रेचाळीस अंश,
आणि त्यानं पंखा बंद केलेला.
"वारं नको मॅडम, स्क्रू उडतेत."

टेबलावर कॅलेंडरचं एक पान पसरलं.
पहिला स्क्रू काढून एक तारखेवर ठेवला,
दुसरा दोनवर.
तीन आणि चार सारखेच दिसतात, म्हणाला, पण नसतात.
अमावास्येच्या काळ्या ठिपक्यावर एक स्प्रिंग,
तिला बोटानं दाबून धरायला मला सांगितलं.
एकोणीस तारखेला महिना थांबला
आणि कॅमेरा उघडा पडला.

चिमट्यात काहीतरी धरून त्यानं दिव्याखाली आणलं.
मोहरीएवढा गोळा, निळसर.
"कापूस. कुठं होता कामाला?"

सांगितलं. अक्कलकोट रोड, टॉवेलचा कारखाना,
सँपल खात्यात नऊ वर्षं.
नवा नमुना मागावरून उतरला
की खिडकीपाशी टांगायचा आणि याच कॅमेऱ्यानं काढायचा.
मागं धडधड चालू, तूस उडतंय,
भुवयांवर, चहात, डब्यातल्या चटणीवर.
कारखाना बंद झाला तेव्हा
माझे अठराशे रुपये यायचे राहिले होते.
मालकांनी त्याबदली कॅमेरा हातात ठेवला.
पाऊच मात्र ठेवून घेतला, का कोण जाणे.

नदाफ हसला.
"आमचा आजा पिंजारी. घरोघर जाऊन गाद्यांचा कापूस पिंजायचा.
मी बी तेच करालोय की.
धनुकली तेवढी बारीक झाली."

जोडताना महिना उलटा चालला:
एकोणीस, अठरा, सतरा.
बारा तारखेला त्याला शिंक आली,
मग आम्ही दोघं टॉर्च घेऊन टेबलाखाली, गुडघ्यांवर.
बारा तारीख माझ्या चपलेच्या अंगठ्यात सापडली.

तीनशे रुपये. घासाघीस केली नाही.
बटण दाबलं. नळी सरळ बाहेर आली, न खाकरता.
आणि कॅमेऱ्यानं आधी तारीख विचारली.
"सेल काढून ठेवले की विसरतंय ते," नदाफ म्हणाला.
मी टेबलावरच्या पानाकडे वळले.
"त्यात बघू नका. दोन वर्षांमागचं हाय."

ते तूस तो फुंकणार होता.
थांबा, म्हटलं.
रिकाम्या एकतीस तारखेवर ठेवायला लावलं,
फुलाचं चिन्ह लावून अगदी जवळ गेले.
बटण अर्धं दाबलं, हिरवी चौकट बसली.
सवयीनं श्वास धरला,
सवयीनं नमुना क्रमांक आठवायला लागले.

मग म्हटलं, आता लावा पंखा.